डॉन चागोंचा जनरेटर आणि माझी रेडिओलॉजी

पहिल्या मुलाखतीच्या सकाळी कॅमेऱ्याच्या चौकटीत माझ्याशिवाय अकरा वस्तू होत्या. डावीकडून उजवीकडे: आईची नेच्याची कुंडी, माझं डॉक्टरकीचं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेमसकट, बाबांची भौतिकशास्त्राची चार जाडजूड पुस्तकं, त्यातलं एक उलटं, लाकडात कोरलेले नाताळच्या गोष्टीतले तीन राजे, आपापल्या घोड्यावर, एक मेणबत्ती, न पेटवलेली, आणि भिंतीवरचं घड्याळ, चालू.

चौकटीबाहेर तीन माणसं होती. ती मोजणीत धरलेली नाहीत, कारण ती एका जागी थांबत नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारातून सारखी "हस जरा" अशी खूण करत होती. बाबा राउटरजवळ उभे होते. त्यांनी उभी हयात शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही घरातल्या कुठल्याही यंत्राजवळ ते परीक्षेच्या वर्गावर असल्यासारखे उभे राहतात. तिसऱ्या डोन्या नेरेइदा; आमच्याकडे वयस्क बाईला मानाने डोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. त्या समोरच्या घरात राहतात आणि स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तुला एकटं वाटायला नको."

मुलाखत होती रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी. म्हणजे मी डॉक्टर झाले होते, आता हॉस्पिटलात राबून क्ष-किरणांची तज्ज्ञ व्हायचं होतं. गेल्या वर्षी मला कोणी घेतलं नव्हतं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते डोन्या नेरेइदांनी आमच्या बेटावरच्या सान हेर्मान गावात सर्वांना सांगून झालं आहे. यंदाची दुसरी आणि शेवटची खेप, असं घरात ठरलं होतं. यंदाही जमलं नाही, तर शेजारच्या गावातल्या मामाच्या दवाखान्यात बसायचं. मामा गाडीच्या परवान्यासाठी लागणारे आरोग्याचे दाखले देतो. म्हातारी माणसं येतात, भिंतीवरची अक्षरं पाठ म्हणून दाखवतात, मामा सही करतो. त्याने माझ्यासाठी टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. तो स्वभावाने फार चांगला आहे. त्या टेबलाची मला रात्रंदिवस धास्ती होती.

खरं तर या सगळ्याची सुरुवात सप्टेंबरात, अर्जाच्या निबंधापासून झाली. "मला रेडिओलॉजी का हवी" हे एका पानात लिहायचं असतं. मी पहिलंच वाक्य लिहिलं, "मला बघायला आवडतं." आईला ते निर्लज्जपणाचं वाटलं.

"आणि मग तू माणसांना तपासणार कधी?" तिने विचारलं.

"तपासायचं नसतं, आई. चित्रं बघायची. एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय. अंधाऱ्या खोलीत बसून नीट बघायचं आणि काय दिसतं ते लिहायचं."

"अंधारात बसायला वर्षानुवर्षं शिकायचं?" डोन्या नेरेइदा म्हणाल्या. "आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा फुकट बसवतात."

बाबांचं मत पडलं की निबंधात आधी क्ष-किरणांच्या शोधाचा इतिहास हवा. इतिहास त्यांनी स्वतःच लिहून आणला. तो सहा पानांचा होता आणि त्यात मी नव्हते. पण खरा आग्रह होता शेजारच्या डॉन चागोंचा. डॉन चागोंचं आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान होतं. आता दुकान मुलीकडे आणि सल्ले गल्लीकडे आलेत.

"निबंधात ते मोठं वादळ टाक," ते म्हणाले. "वादळ टाकल्याशिवाय या बेटावरून कुणाची निवड झालेली नाही."

"पण डॉन चागो, वादळात मला काही झालं नव्हतं. मी मावशीच्या घरात बसून डॉमिनो खेळत होते."

"हरत होतीस ना?"

"हो."

"मग झालं तर. आणि छप्पर टाक."

"आमचं छप्पर सिमेंटचं आहे. उडालं नाही."

"माझ्या मागच्या शेडचं उडालं होतं. ते घे. मी कुणाला सांगत नाही."

इतक्या मोठ्या मनाने देऊ केलेलं छप्पर नाकारणं सोपं नसतं. मी नाकारलं, आणि डॉन चागो आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. निबंधात शेवटी वादळही आलं नाही, इतिहासही नाही. पहिलं वाक्य मात्र मी ठेवलं.

त्यानंतर संदेश. अर्जासोबत काही निवडक हॉस्पिटलांना "सोन्याचा" संदेश धाडता येतो आणि आणखी काहींना "चांदीचा". सोन्याचा म्हणजे तुमच्यावर माझा फार जीव आहे. चांदीचा म्हणजे जीव आहे, पण बेताचा. ही योजना ज्याने काढली त्याला माणसाची चांगली पारख असावी, पण आमच्या गल्लीची नव्हती. आईला सगळं सोनं सान हुआनला धाडायचं होतं, कारण तिथून मी रविवारी जेवायला येऊ शकले असते. डॉन चागोंचा कौल ऑर्लँडोला. "तिथे माझी बहीण आहे, तिची नणंद आहे, अर्धं सान हेर्मान आहे. आजारी पडलीस तर सूप घेऊन कोण येणार? विचार केलास?"

मी एक सोन्याचा संदेश विस्कॉन्सिनमधल्या एका हॉस्पिटलाला धाडला. तिथे आमच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. पण त्यांच्या माहितीत लिहिलं होतं की दर शुक्रवारी दुपारी तिथले डॉक्टर आपण त्या आठवड्यात कुठलं चित्र चुकीचं वाचलं ते सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवतात. सर्वांत आधी विभागप्रमुख. हे वाचून मला जे झालं, ते इतर मुलींना गिटार वाजवणारा मुलगा बघून होत असावं.

"आपल्या चुका चव्हाट्यावर मांडणारं हॉस्पिटल?" आई म्हणाली. "आणि तिथे तुला जायचंय?"

"तिथेच जायचंय."

"एफ्राइन, बघा हो, तुमची मुलगी," आई बाबांना म्हणाली. मी काही विचित्र केलं की मी बाबांची होते.

ऑक्टोबर संपेपर्यंत नऊ ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. विस्कॉन्सिनचंही आलं. मुलाखती सगळ्या संगणकावर, घरबसल्या. घरबसल्या हा शब्द ज्याने वापरला त्याने आमचं घर पाहिलं नव्हतं.

तर ती पहिली मुलाखत. सकाळी नऊची होती. आदल्या दिवशी आईने घरोघर जाऊन शांततेचा हुकूम बजावला. पाववाल्याची गाडी कर्ण्यावरून ओरडत रोज त्याच वेळी येते, म्हणून डॉन चागो स्वतः नाक्यावर जाऊन उभे राहिले. डोन्या नेरेइदांनी रेडिओ बंद केला. त्यांचा नवरा वारला त्या दिवसानंतर प्रथमच. गल्लीत अशी शांतता पसरली की मला घरातला फ्रीज ऐकू येऊ लागला. मी जॅकेट चढवून नऊला पाच कमी असताना बसले आणि हसू लावलं. पडद्यावर लिहून आलं: "कृपया थांबा."

मी थांबले. सव्वानऊ झाले. साडेनऊला डॉन चागो खिडकीशी आले. "झालं?"

"सुरू व्हायचंय."

"पाववाला चिडलाय. त्याला मी दोन डझन पाव घ्यायचं कबूल केलंय."

मी हसू न हलवता मान हलवली. हे वाटतं तितकं सोपं नाही. सतत हसत राहिलं की साधारण विसाव्या मिनिटाला गालाचा स्नायू थरथरू लागतो. हे मी शरीरशास्त्रात शिकले होते, पण स्वतःवर पडताळून पाहिलं नव्हतं. पावणेदहाला बाबा राउटरपासून दूर झाले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"इवेलिस," ते म्हणाले. रागावले किंवा घाबरले की ते मला पूर्ण नावाने हाक मारतात. "गेल्या रविवारी तिकडे मुख्य भूमीवर घड्याळं मागे घेतली."

आमच्या बेटावर घड्याळ कधी बदलत नाही. उन्हाळाभर तिकडच्या पूर्व किनाऱ्याची आणि आमची वेळ एकच असते, आणि नोव्हेंबरात ते लोक एक तास मागे जातात. हे आम्हाला सर्वांना लहानपणापासून माहीत असतं, आणि दर नोव्हेंबरात आम्ही सर्व जण विसरतो. त्यांचे नऊ म्हणजे आमचे दहा.

गल्लीला मात्र हे कोण सांगणार? गल्लीने इमानेइतबारे एक तास कळ काढली, आणि दहाच्या ठोक्याला, काम फत्ते झालं असं समजून, तुंबलेला सगळा आवाज एकदम सोडला. पाववाल्याने कर्णा लावला. डोन्या नेरेइदा साडेनऊलाच कंटाळून घरी गेल्या होत्या, त्या रेडिओची भरपाई करू लागल्या. नगरपालिकेचा गवत कापणारा माणूस आमच्या फाटकाशी यंत्र सुरू करून उभा राहिला. आणि पडद्यावर एक सुसंस्कृत बाई प्रकटल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला कशा वातावरणात काम करायला आवडतं?"

"शांत," मी ओरडले.

पुढच्या मुलाखती त्या मानाने बऱ्या गेल्या. एकीत नेच्याची कुंडी पडली. एकीत आई मागून वाकून चालत गेली. आपण दिसत नाही असा तिचा समज होता. दोन मुलाखतींत काहीच घडलं नाही, आणि गल्लीला त्या फसल्या असं वाटलं.

दरम्यान माझ्या सरावाची जबाबदारी शेजाऱ्यांनी उचलली. आमच्याकडे एक्स-रेची फिल्म कोणी टाकून देत नाही. कपाटावर, गादीखाली, पाहुण्यांच्या खोलीत, कुठेही असते, पण असते. ती आता आमच्या पडवीत येऊ लागली. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाच्या मेलेल्या काकाचं फुफ्फुस. मी प्रत्येकाला समजावलं की मी अजून रेडिओलॉजिस्ट नाही, निदान सांगायचा मला अधिकार नाही.

"निदान कोण मागतंय?" डोन्या नेरेइदा म्हणाल्या. "तू फक्त मला काय झालंय ते सांग."

त्यांना मी सांगितलं की निवड झाली की तुमचीच फिल्म पहिली बघेन. त्या फिल्म काखेत मारून घरी गेल्या. नाराज दिसल्या, पण हरलेल्या दिसल्या नाहीत.

विस्कॉन्सिनची मुलाखत डिसेंबरात होती, अकरा वाजता. या वेळी आमचे अकरा की त्यांचे, याची बाबांनी तीनदा खात्री केली. सकाळी सातला लाईट गेली.

यात अनपेक्षित काही नव्हतं, आणि मी तयारीत होते. तयारी म्हणजे डॉन चागोंचा जनरेटर. गल्लीतला सर्वांत मोठा, लाल, चाकांचा. ते त्याला दर रविवारी पुसतात. त्यांनी तो घरामागे नेऊन ठेवला, म्हणजे आवाज कमी येईल, आणि तिथून नारिंगी वायर कुंपणावरून, लिंबाच्या झाडातून, आमच्या खिडकीतून आत आणली. वायरीच्या टोकाला बाबांनी राउटर, दिवा आणि लॅपटॉप जोडला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली आहे, चार्जर काढला की चार-पाच मिनिटं श्वास घेते आणि मिटते. पण वायर होती. डॉन चागो जनरेटरजवळ खुर्ची टाकून बसले. "मी जिवंत आहे तोवर हा बंद पडत नाही," ते म्हणाले, आणि ते बोलतात ते करतात.

अकराला पडद्यावर दोघं आले. एक विभागप्रमुख, डॉक्टर हाल्व्हरसन: उंच, पांढऱ्या भुवयांचे, बोलण्याआधी एवढा वेळ थांबणारे की संपर्क तुटला असं वाटावं. दुसऱ्या डॉक्टर व्होइट, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, तिथेच शिकणाऱ्या. हाल्व्हरसननी निबंधातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "तुम्हाला बघायला आवडतं. काय बघायला?"

आणि मी बोलू लागले. छातीच्या चित्रात हृदयाच्या सावलीमागे फुफ्फुसाचा तुकडा लपलेला असतो, तिथे बघायचं लोक विसरतात, त्याबद्दल. लहानपणी बाबांनी भिंतीवर हाताच्या सावल्या पाडून दाखवल्या होत्या आणि मी त्यांना विचारलं होतं की सावलीला जाडी असते का, त्याबद्दल. हाल्व्हरसन पुढे सरकले. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, त्यांना ते पटलं नाही, मी पुन्हा सांगितलं. पंधरा मिनिटं मी मुलाखतीत आहे हे विसरले होते. दारातली आई खुणा करायची थांबली होती. मला त्या क्षणी तीच जागा हवी होती.

"आता जरा ठरलेला प्रश्न," ते म्हणाले. "ऐन वेळी योजना फसली, असा प्रसंग आला तर तुम्ही काय करता?"

"मी पर्यायी व्यवस्था आधीच तयार ठेवते," मी म्हणाले. "उदाहरणार्थ, आत्ता आमच्याकडे वीज नाही. पण—"

लाईट आली.

हे कळायला बघावं लागत नाही. आमच्याकडे लाईट आली की गल्ली ओरडते. म्हातारे, पोरं, एकमेकांशी वर्षभर न बोलणारे, सगळे एका सुरात: "लाईट आलीऽऽ!" भांडी वाजतात, गाड्यांचे हॉर्न वाजतात. मीही ओरडते. त्या दिवशीही माझं तोंड अर्धवट उघडलं होतं.

आणि डॉन चागोंनी जनरेटर बंद केला.

यात त्यांची काहीही चूक नाही. लाईट आली की जनरेटर बंद करायचा, डिझेल वाचवायचं, हे या बेटावर कुणी विचार करून करत नाही; शिंक आल्यावर डोळे मिटावेत तसं होतं. सगळ्या बेटाला वीज मिळाली आणि त्याच सेकंदाला आमच्या घरातला तेवढा एक राउटर, एक दिवा आणि एक लॅपटॉप विजेवाचून राहिले, कारण ते नारिंगी वायरीवर होते. हाल्व्हरसन एक भुवई वर असताना गोठले आणि नाहीसे झाले.

"वायर बदला!" मी किंचाळले. बाबांनी बदलली. पण राउटर एकदा बंद पडला की पुन्हा उठायला त्याला आंघोळ करून कपडे घालण्याइतका वेळ लागतो. आई प्रोव्हिदेन्सिया मातेचा धावा करू लागली. मी फोन उचलला. आमच्या घरात फोनला रेंज येत नाही. ती येते फक्त रस्त्यापलीकडे, डोन्या नेरेइदांच्या फाटकाशी.

मी धावले. वर जॅकेट, कानात मोत्याचे डूल. खाली बास्केटबॉलची निळी चड्डी आणि रबरी चपला. नोंद असावी म्हणून सांगते, गल्लीत तेव्हा सगळे बाहेरच होते, लाईट आल्याच्या आनंदात.

फाटकाशी फोन जोडला गेला. डॉक्टर हाल्व्हरसन परत आले, त्याच भुवईसह.

"तुम्ही पर्यायी व्यवस्थेबद्दल सांगत होता," ते म्हणाले.

"ही ती," मी म्हणाले. मला धाप लागली होती. मी त्यांना वायर, लिंबाचं झाड, जनरेटर आणि शिंक, सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टर व्होइट तोंडावर हात धरून होत्या. हाल्व्हरसन नेहमीप्रमाणे थांबले.

"आणि तो आवाज? कुणाला काही झालं का?"

"नाही. आनंद झाला."

तेवढ्यात बाबा आले. माझ्या धापेने फोन हलतोय हे पाहून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि प्रयोगशाळेत धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. चित्र स्थिर झालं. बाबांची उंची आणि अंतर पाहता त्यात मी पायापर्यंत दिसत असणार, हे मला नंतर सुचलं.

"डॉक्टर आहेत का ते?" मागून आवाज आला. डोन्या नेरेइदा. "मोठे डॉक्टर?"

"डोन्या नेरेइदा, मुलाखत चालू आहे."

"मग चालू दे की. मी फक्त एक विचारते." आणि त्या फाटकातून बाहेर आल्या. हातात फिल्म होती. ती त्यांनी उन्हासमोर धरली, फोनच्या आणि माझ्या मधोमध.

मी डोळे मिटले. मामाचं टेबल मला स्पष्ट दिसलं. त्यावर शिक्का होता, शाईची गादी होती आणि एक पेन दोरीने बांधलं होतं.

"ही तुमची पेशंट?" हाल्व्हरसननी विचारलं.

"शेजारीण."

"त्यांची हरकत नाही ना?"

मी डोन्या नेरेइदांना विचारलं. "हरकत?" त्या म्हणाल्या. "महिनाभर वाट बघतेय मी."

हाल्व्हरसन पडद्यात एवढे पुढे आले की नुसत्या भुवया उरल्या. "छातीच्या मधोमध काहीतरी पांढरं आहे. डॉक्टर व्होइट?"

"नाणं गिळलं असावं," व्होइट म्हणाल्या. "किंवा बंदुकीची गोळी."

"आणि तुम्ही काय म्हणता, डॉक्टर तोरो?"

मी चड्डी विसरले. फिल्मजवळ गेले, उन्हाची तिरीप टाळायला मान तिरकी केली. "अंडाकृती आहे," मी म्हणाले. "कडा रेखीव, म्हणजे धातू. नाणं नाही, नाणं गोल असतं. गोळी असती तर आसपास इजा दिसली असती. वरच्या टोकाला एक बारीक रेघ आहे, ती साखळी असावी. गळ्यातलं पदक वाटतं. पण शरीराच्या आत की बाहेर, हे एका चित्रावरून सांगता येणार नाही. सावलीला जाडी नसते. बाजूने काढलेलं दुसरं चित्र लागेल."

"दुसरं चित्र नाही. मग?"

"मग पेशंटला विचारेन."

"विचारा."

"डोन्या नेरेइदा," मी म्हणाले, "एक्स-रेच्या वेळी तुम्ही गळ्यातलं काढलं होतंत का?"

"काढलं होतं!" त्या ताठ झाल्या. "त्या मुलीने सांगितलं काढा, मी काढलं. साखळी तिच्या हातात दिली. विचार तिला!"

बाबांनी हे विभागप्रमुखांना इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं, शाळेत उत्तर वाचून दाखवावं तसं. गल्ली भोवती जमली होती. कुणीतरी म्हणालं, "मग आत काय आहे, म्हातारे?" आणि एक बाई छातीवर क्रूसाची खूण करू लागली.

"साखळी दिलीत," मी म्हणाले. "आणि पदक?"

डोन्या नेरेइदांनी गल्लीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "प्रोव्हिदेन्सिया माता आहे ती," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दिवसापासून अंगावरून उतरलेली नाही. एका पोरीने सांगितलं म्हणून उतरवू?"

"मग कुठे होती?"

"आतून टाचली होती. सेफ्टी पिनने."

मी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. बारीक रेघ. तिला शेवटी एक वेटोळं होतं. "साखळी नाही ती," मी पडद्याकडे वळून म्हणाले. "पिन आहे. माझं चुकलं. वेटोळं दिसत होतं, मी त्याच्याकडे बघितलं नाही."

हाल्व्हरसन भुवया न हलवता फिल्मकडे बघत राहिले. संपर्क तुटला असं मला वाटलं. मग हाल्व्हरसनचे खांदे हलू लागले. "आमच्याकडे माशांचा गळ निघतो," ते म्हणाले. "खिशात असतो. दर हंगामात दोन-तीन. आणि सगळे शपथेवर सांगतात की खिसे रिकामे केले होते." त्यांनी डोळे पुसले. "त्यांना सांगा, बाकी चित्राबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण पदक सुरेख आहे."

वेळ संपली. आभार मानून मी फोन ठेवला, तेव्हा कुठे मला माझे पाय आठवले.

त्या दिवसापासून डॉन चागो घराबाहेर पडेनात. चौथ्या दिवशी मीच आईने बांधून दिलेले पास्तेलेस घेऊन गेले. ते पडवीत बसले होते. केळीच्या पानातली ती वाफाळती पुडी त्यांनी उघडली, पण खाईनात.

"हात आपोआप गेला, पोरी," ते म्हणाले. "डोकं म्हणत होतं थांब, हात म्हणाला लाईट आली."

"डॉन चागो, मीसुद्धा ओरडणार होते."

"खरं?"

"तोंड उघडलं होतं."

त्यांना जरा बरं वाटलं. एक पास्तेल खाल्ल्यावर म्हणाले, "छप्पर टाकलं असतंस तर मात्र ही वेळ आली नसती."

फेब्रुवारीअखेर पसंतीची यादी द्यायची होती. आम्ही हॉस्पिटलांची क्रमवार यादी द्यायची, हॉस्पिटलांनी आमची, मग संगणक जोड्या लावतो. लग्न जुळवण्यासारखंच, फक्त एकदा जुळलं की नाही म्हणायची सोय नाही, आणि नाही जुळलं तर मामाचं टेबल. गल्लीचं म्हणणं पडलं की विस्कॉन्सिन यादीतच नको. "त्यांनी तुझी चड्डी पाहिली आहे," आई म्हणाली. "कुठल्या तोंडाने जाशील?" सान हुआन पहिलं टाक, ऑर्लँडो दुसरं, म्हणजे निदान सूप तरी नक्की.

मला स्वतःलाही त्या सकाळची आठवण आली की कान गरम होत. जिथे आपली फजिती झाली तिथे पुन्हा तोंड दाखवू नये, असं कुणाला वाटत नाही? पण मग मी विचार केला की त्या अर्ध्या तासात मी एक चित्र चुकीचं वाचलं, सगळ्यांसमोर, आणि ज्याच्यासमोर वाचलं तो माणूस दर शुक्रवारी नेमकं हेच करायला लोकांना जमवतो. मी विस्कॉन्सिन पहिलं टाकलं. बाबांनी चष्मा लावून पडदा वाचला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ तिथून भांड्यांचाच आवाज येत होता.

निकाल मार्चमधल्या शुक्रवारी. कुणालाही बोलावलं नव्हतं, म्हणून पडवीत फक्त वीसेक माणसं होती. मामाही आला होता. त्याने उदार मनाने सांगितलं की जमलं नाही तर सोमवारपासून ये. डॉन चागोंनी जनरेटर सुरू करून ठेवला होता, लाईट असतानाही. त्यांनी शपथ घेतली होती की मी सांगेपर्यंत हात लावणार नाही, आणि सोय म्हणून स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

दुपारी बाराला ईमेल आला. मला तो उघडवेना. बाबांनी उघडला, वाचला, आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचला. पेपर तपासताना ते असंच करायचे.

"काय आहे?" आई म्हणाली. "एफ्राइन, बोला की हो!"

"विस्कॉन्सिन," बाबा म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते लाईट आल्यासारखंच होतं, फक्त जास्त वेळ चाललं. आई मला मिठी मारून रडली, मग त्यांनी माझी चड्डी पाहिली होती हे आठवून हसली, मग पुन्हा रडली. मामा म्हणाला टेबल मी ठेवतो, सुट्टीत येशील तेव्हा बस. डॉन चागोंनी विचारलं, "आता बंद करू?" मी हो म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बंद केला.

डोन्या नेरेइदांनी विस्कॉन्सिन कुठे आहे ते विचारलं. बाबांनी हाताने उत्तर दिशा दाखवली, आणि मग हात आणखी थोडा वर नेला.

"आता मार्च आहे," डोन्या नेरेइदा म्हणाल्या. "तिकडे आता वसंत ऋतू. छान हवा असेल, नाही हो, सर?"

बाबांनी फोनवर त्या गावाचं नाव घातलं. अकरा फॅरनहाइट. मग खिशातून पेन काढलं, पाकिटाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं आणि पडवीला वाचून दाखवलं: उणे अकरा पूर्णांक सात अंश सेल्सियस, दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी.